फ्रीस्टाइलमध्ये कमकुवत घर दिसलं, पुढे काय?

प्रश्न: मुलुंडच्या आमच्या सोसायटीत रविवारी फ्रीस्टाइल चेस खेळतो, म्हणजे मागच्या रांगेतले मोहरे दर डावाला वेगळ्या क्रमाने मांडायचे. परवा डावीकडच्या ए स्तंभापासून घोडा, उंट, हत्ती, राजा, उंट, वजीर, हत्ती, घोडा अशी रांग आली. मी पांढरा. समोरच्याने सी५, ई५ आणि डी६ ही प्यादी खेळल्यावर मी घोडा डी५वर नेला, त्याने मारला, मी प्याद्याने परत मारला आणि सगळं बंद झालं. चुकलं कुठे?

उत्तर: घर तुम्ही बरोबर हेरलंत, सी आणि ईची प्यादी एकदा पुढे गेली की मागे येत नाहीत, त्यामुळे डी५ सांभाळायला त्याच्याकडे प्यादंच उरलं नाही. पण घोडा नेण्याआधी त्या घरावर त्याचे कोणते मोहरे येतात ते बघायला हवं होतं. इथे मुख्य दोन, ए८चा घोडा आणि ई८चा उंट, जो डी६नंतर सी६वर येऊन बसतो.

माजी विश्वविजेत्या बॉबी फिशरने १९९६ मध्ये हा प्रकार आणला तो पाठ केलेली ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या ठरीव चाली, बंद पाडायलाच, ९६० रांगा कोण पाठ करणार, म्हणून सुरुवातीलाच बघायचं की कुठलं प्यादं कोणीच सांभाळत नाही. तुमच्या रांगेत एच७ तसंच आहे! पहिलीच चाल सी४ केली की बी१चा उंट थेट एच७वर बघतो, डी५ला प्याद्याचा आधार मिळतो, आणि ए१च्या घोड्याला सी२ मोकळं होतं. त्याने जी६ने लाइन अडवली तर एच६ला आता प्याद्याचा आधार कधीच नाही.

मग उंट आधी ई४वर, नंतर डी३ला प्यादं, आणि त्यानंतरच घोडा सी२, ई३, डी५. क्रम उलटा केलात तर सी२वरचा घोडा आपल्याच उंटाची वाट अडवतो. सी६वरचा त्याचा उंट स्वतःहून मारू नका हां, बी७चं प्यादं तिथे येईल आणि डी५ परत झाकलं जाईल. त्याने ई४वर मारलं तर डी३च्या प्याद्याने मारा, आणि डी५वर घोडा मारला तर ई४च्या उंटाने, म्हणजे आपल्याच प्याद्याने घर भरून जात नाही. एफ५ने उंट हुसकावला तर उंटच डी५वर न्या, ई६सुद्धा आता उघडं पडलंय.

आणि त्याचा बी८चा उंट अजिबात मारू नका, स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलाय तो, तसाच राहू दे.