अपडेटनंतर लॅपटॉप लॉगिनच होत नाही, निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी की मागतो. दुकानदार म्हणतो फॉरमॅट करा. काय करू?

फॉरमॅटला हो म्हणू नका. लॅपटॉप दुकानात ठेवून आला असाल तर आधी फोन करून तेवढं सांगा, मग पुढचं वाचा.

रात्री अपडेट झालं, सकाळी पासवर्डऐवजी ही स्क्रीन आली, म्हणजे ते बिटलॉकरचं, विंडोजमधल्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीचं, काम आहे. तुमच्या फायली जागेवर आहेत, फक्त कुलूपबंद आहेत. आजकाल नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा साइन-इन केलं की डिस्क बहुतेक वेळा आपोआप एन्क्रिप्ट होते, आपल्याला कोणी विचारत नाही. तिची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. लॅपटॉप सुरू होताना सगळं नेहमीसारखं दिसलं तरच चिप ती किल्ली सोडते. अपडेटबरोबर बायोस (विंडोजच्या आधी चालणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्राम) किंवा सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) यांत काही बदललं की तिला संशय येतो. जुलै २०२४ च्या विंडोज अपडेटनंतरही काही लॅपटॉपवर ही स्क्रीन आली होती. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य करून ऑगस्टच्या अपडेटमध्ये ती सुधारली.

आता ती ४८ आकडी रिकव्हरी की शोधायची. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर जा, डिव्हाइसेसमध्ये आपला लॅपटॉप निवडा आणि 'मॅनेज रिकव्हरी कीज' बघा. एकापेक्षा जास्त की दिसल्या तर निळ्या स्क्रीनवरच्या की-आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा.

तिथे काहीच नसेल तर लगेच हात टेकू नका, कारण लोक अडतात ते नेमके इथेच. की जाते ती लॅपटॉप ज्याच्या अकाउंटने पहिल्यांदा सुरू केला त्याच्याकडे. माझ्या ताईच्या लॅपटॉपचं हेच झालं होतं. ती शिक्षिका आहे, ऐन निकालाच्या आठवड्यात ही स्क्रीन आली, आणि दुकानदाराने तिलाही फॉरमॅटच सांगितलं. तिच्या अकाउंटमध्ये की नव्हती. दोन तास शोधल्यावर आठवलं की लॅपटॉप भाच्याने सुरू करून दिला होता. तो हॉस्टेलवर होता. त्याने फोनवर सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचून दाखवले, ताईने टाकले आणि विंडोज उघडलं. सगळ्या वर्गांचे गुण जसेच्या तसे होते. तेव्हापासून फॉरमॅटचा सल्ला इतक्या सहज दिलेला ऐकला की मला फार वाईट वाटतं.

म्हणून मुलाचं, नवऱ्याचं, बायकोचं, जुनं बंद पडलेलं, सगळी अकाउंट तपासा. खरेदीच्या वेळी दुकानातल्या मुलाने 'सेटिंग करून दिलं' असेल तर त्यालाही विचारा. लॅपटॉप ऑफिसचा किंवा कॉलेजचा असेल तर की त्यांच्या आयटी विभागाकडे असू शकते. कागदावरची प्रिंट आणि पेन ड्राइव्हही बघा.

आकडे टाकताना घाई नको. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर तो पकडता येतो. आकड्यांची बटणं चालत नसतील तर एफ१ ते एफ९ म्हणजे १ ते ९, आणि एफ१० म्हणजे शून्य.

की मिळेपर्यंत 'रीसेट धिस पीसी' नको, बायोसमध्ये जाऊन टीपीएम क्लिअर करणं तर मुळीच नको. आणि की कुठेच सापडली नाही, तर खरं सांगतो, मग मार्ग नाही. मायक्रोसॉफ्टसुद्धा ती पुन्हा बनवून देऊ शकत नाही. फॉरमॅट हा पर्याय तेव्हाचा.

आत गेल्यावर आधी महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. पिन चालत नाही असं दिसलं तर 'साइन-इन ऑप्शन्स'मधून पासवर्ड वापरा आणि पिन नव्याने करा. दर वेळी की मागायला लागला तर विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं बंद) करून पुन्हा रिझ्यूम (चालू) करा. होममध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करून पुन्हा चालू करावं लागेल. मग की नवीन बनते, ती अकाउंटमध्ये आली का ते बघून वहीत लिहून ठेवा.

की-आयडी कुठेच जुळला नाही तर लॅपटॉप पहिल्यांदा कोणी आणि कसा सुरू केला होता ते इथे लिहा, आपण मिळून शोधू. ४८ आकडे मात्र इथे टाकू नका.