सुंतेचा खर्च: बर्मिंगहॅम की चिपळूण?

प्रश्न: आम्ही मूळचे चिपळूणचे, सध्या बर्मिंगहॅमला असतो. मुलगा सहा आठवड्यांचा आहे. इथल्या क्लिनिकने सुंतेचे 220 पौंड सांगितले. ओळखीतले एक गृहस्थ, डॉक्टर नाहीत, घरी येऊन 90 पौंडांत करून देतात. अब्बांचं म्हणणं, दीडेक वर्षाने गावी याल तेव्हा चांगल्या हॉस्पिटलात 25 हजारांत उरकू, अकीकाही (बाळाच्या जन्मानिमित्त द्यायची बकऱ्यांची कुर्बानी) तेव्हाच करू. पत्नीचं मन अजून तयार होत नाही. शिल्लक 1,400 पौंड आहे. काय परवडेल?

उत्तर: आधी पत्नीचं बोलतो, कारण बाकी सगळं त्यावर अडलेलं आहे. आईवडिलांचं एकमत नसेल तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाची सुंता होऊ नये, असं इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 1999 मध्येच सांगितलं आहे. जबाबदार क्लिनिक दोघांच्या लेखी संमतीशिवाय हात लावणार नाही. आजार नसताना केलेल्या सुंतेची वैद्यकीय गरज नसते, म्हणूनच एनएचएस ही तिथली सरकारी आरोग्यसेवा सहसा तिचा खर्च करत नाही. तेव्हा पत्नीला वेळ द्या. क्लिनिकची तारीख हातची जाईल म्हणून तिच्यावर घाई लादू नका.

दोघांचं ठरलं, तर मी 220 पौंडांच्या बाजूने आहे.

गावी स्वस्त पडेल हा हिशेब मुळात जमत नाही. 25 हजार रुपये म्हणजे दोनशे पौंडांच्या आसपासच झाले. शिवाय तान्ह्या बाळाला भूल फक्त त्या जागेपुरती देऊन भागतं; दीड वर्षाचं चपळ पोर तसं पडून राहत नाही, त्याला बहुतेक वेळा पूर्ण भूल द्यावी लागते. मग भूलतज्ज्ञ आला, थिएटर आलं, खर्च वाढला. धोकाही वाढतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात तान्ह्या बाळांमध्ये गुंतागुंतीचं मध्यक प्रमाण 1.5 टक्के होतं, वर्षापुढच्या मुलांमध्ये 6 टक्के. बहुतेक तक्रारी किरकोळ असतात, पण बिल भरताना हा फरक विसरून चालत नाही.

माझ्या दृष्टीने खरा प्रश्न फीचा नाहीच. रात्री दोन वाजता रक्त थांबेना, तर काय? चार किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साधारण 320 मिलिलिटर रक्त असतं, आणि हल्लीचे डायपर इतकं शोषून घेतात की किती गेलं ते वरून कळतही नाही. बर्मिंगहॅममध्ये तुम्ही तडक एनएचएसच्या आपत्कालीन विभागात जाल आणि बिल येणार नाही. चिपळूणला खिशातून भराल. प्रवास विमा अशा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेची गुंतागुंत सहसा धरत नाही, भारतातल्या आरोग्य विम्यातही आजाराविना केलेली सुंता वगळलेली असते.

घरी येणाऱ्या गृहस्थांना कृपया नको म्हणा. इंग्लंडमध्ये डॉक्टर किंवा परिचारिकेने सुंता करायची तर सीक्यूसी या नियामक संस्थेकडे नोंदणी लागते. धार्मिक कारणासाठी इतर कुणी केली तर ती या देखरेखीबाहेर राहते. 130 पौंड वाचवण्यासाठी मुलाला त्या फटीत ढकलू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

क्लिनिकची नोंदणी सीक्यूसीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. पैसे भरण्याआधी विचारा: पुन्हा दाखवायला वेगळी फी आहे का, सुंतेसाठी प्लास्टिकची रिंग बसवली आणि ती वेळेत गळली नाही तर ती काढायचे पैसे लागतात का, रात्री फोन कोण उचलतं. घराण्यात कुणाला रक्त न गोठण्याचा आजार असेल तर तो लपवू नका. रक्त गोठायला लागणारं 'के' जीवनसत्त्व जन्मानंतर दिलं होतं का, तेही सांगा. लघवीचं छिद्र जागेवर नसेल तर सुंता करायचीच नाही, कारण पुढच्या दुरुस्तीला तीच त्वचा लागते.

220 पौंड शिलकीतून काढले तरी 1,180 उरतात. क्रेडिट कार्डाला हात लावू नका. अकीका अब्बांना चिपळूणला करू द्या. त्यासाठी बाळ तिथे असायलाच हवं असं नाही. दोन बकऱ्यांचे पैसे मात्र या महिन्यात पाठवू नका, दोन-तीन पगारांतून थोडे थोडे बाजूला काढून पाठवा. आणि पत्नी नकोच म्हणाली, तर हे 220 पौंड वेगळे ठेवा: मुलाने मोठेपणी स्वतः ठरवलं तर तेव्हाची शस्त्रक्रिया याहून बरीच महाग असेल.