'जणू' दिसलं की उत्प्रेक्षाच समजायची का?

'सारखा', 'सम', 'परी' आले की उपमा आणि 'जणू', 'गमे', 'भासे' आले की उत्प्रेक्षा, एवढं पाठ करून भागेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही भागणार. मी दहावीला मराठी शिकवते आणि याच पाठांतरापायी चांगली मुलं चुकताना दरवर्षी पाहते. 'धाकटा थोरल्यासारखाच उंच आहे' या वाक्यात 'सारखा' आहे, पण अलंकार कुठे आहे? दोन भावांची उंची सांगितली, इतकंच.

शब्द शोधण्याआधी उपमेय शोधा, म्हणजे कवी ज्याच्याविषयी बोलतोय ते. मग उपमान, म्हणजे ज्याच्याशी ते ताडून पाहिलंय ते. आता दोघांचं नातं काय ते बघा. माझं माहेर सोलापूरकडचं, म्हणून मी वर्गात ज्वारीच घेते. 'मोत्यासारखी ज्वारी' म्हटलं की ज्वारी ज्वारीच राहते, फक्त मोत्याशेजारी उभी राहते. ही उपमा. 'कणसात जणू मोतीच भरलेत' म्हणताना दाणे मोतीच असावेत असं क्षणभर वाटतं. ही उत्प्रेक्षा. 'हे दाणे नव्हेत, मोती आहेत' असं म्हणून दाणेपणच नाकारलं की अपन्हुती. आणि ज्वारी मोत्यांहून सरस ठरली की व्यतिरेक. ज्ञानेश्वरांचा मराठी बोल 'अमृतातेंही पैजा जिंके' तो असाच.

मुलं खरी अडखळतात ती रूपकाशी, कारण तिथे खुणेचा शब्द नसतो. बहिणाबाई चौधरींच्या दोन कविता शेजारी ठेवा.

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तव्हां मियते भाकर

संसार उपमेय, तवा उपमान, 'जसा' हा जोडणारा शब्द. पण जीव आहे तो दुसऱ्या ओळीत. आधी चटके, मग भाकर, हा दोघांतला समान धर्म. ही उपमा. तो सापडला नाही तर तवाच का आणला ते कळत नाही. पाठांतर करणारी मुलं 'जसा'पाशीच थांबतात आणि चटके वाचायचे राहून जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरीकडे त्याच म्हणतात, 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर'. 'जसं' नाही, 'जणू' नाही. मन हेच ढोर झालंय, आणि कितीही हाकललं तरी ते पुन्हा पिकावर येतं. हे रूपक.

उत्तरपत्रिकेत उपमेय आणि उपमान आधी लिहा, अलंकाराचं नाव त्यानंतर.