लेबल ग्राहकाला की ऑर्डरला?

प्रश्न : देवगड परिसरातील आमच्या बागेचा हापूस आम्ही थेट पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना पाठवतो. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर येतात आणि ग्राहकाच्या चॅटला मी ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे बाकी’, ‘पूर्ण’ अशी लेबले लावते. यंदा एका जुन्या ग्राहकांनी तीनदा आंबा मागवला. पहिल्या दोन ऑर्डरचे पैसे आले होते, फक्त तिसरीचे बाकी होते; पण ‘पैसे बाकी’ हे लेबल पाहून माझ्या भावाने त्यांच्याकडे तिन्हींचे पैसे मागितले. लेबले वाढवावीत का? – एक वाचक, देवगड

उत्तर : लेबले वाढवू नयेत. त्यांची मर्यादा वीसची आहे, पण अडचण संख्येची नाही. तुम्ही लेबल लावता ते त्या व्यक्तीच्या संपूर्ण संभाषणाला, आणि ‘पैसे बाकी’ ही स्थिती मात्र एका विशिष्ट ऑर्डरची असते. जुने दिवाणजी रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी (माणसागणिक खात्यांची वही) वेगळी ठेवत, कारण व्यवहार एकेक करून घडतो आणि खाते माणसाच्या नावावर असते; तुमच्याकडे सध्या खतावणी आहे, रोजकीर्द नाही.

म्हणून गूगल शीट्समध्ये दोन तक्ते करावेत. पहिल्यात प्रत्येक ग्राहकाची एकच ओळ असावी आणि त्याची ओळख नावाने नव्हे, तर मोबाइल क्रमांकाने ठरावी, कारण ‘जोशीकाका’ दोन निघतात. दुसऱ्यात प्रत्येक ऑर्डरची स्वतंत्र ओळ असावी: ऑर्डर क्रमांक, तारीख, ग्राहकाचा मोबाइल क्रमांक, चार की पाच डझनी पेटी, पेट्यांची संख्या, दर, पत्ता, पैशांची स्थिती आणि रवानगीची तारीख. मोबाइल क्रमांकाचा रकाना आधीच ‘मजकूर’ स्वरूपाचा करून घ्यावा. नाहीतर +९१ लिहिलेल्या क्रमांकातील अधिकचे चिन्ह गळते आणि एकच ग्राहक दोन वेगवेगळ्या रूपांत नोंदला जातो.

पत्ता ऑर्डरच्या ओळीत घेण्याचे कारण असे की, स्वतः पुण्यात राहणारा ग्राहक एखादी पेटी नाशिकच्या बहिणीकडे पाठवायला सांगतो. दराचेही तसेच आहे. मार्चमध्ये चढा असलेला भाव मे महिन्यात उतरतो आणि तुम्ही कॅटलॉगमधील किंमत बदलता. ऑर्डर घेतली त्या दिवसाचा दर तिच्याच ओळीत लिहिलेला नसेल, तर जुन्या ऑर्डरची रक्कम नव्या दराने मोजली जाईल आणि पुन्हा तसाच गैरसमज होईल.

पैशांच्या स्थितीसाठी ‘बाकी’, ‘अंशतः’, ‘जमा’ असे तीनच पर्याय ठेवून ते यादीतूनच निवडण्याची सोय करावी. तुम्ही ‘बाकी’ लिहिले आणि भावाने ‘यायचेत’ लिहिले, तर गाळणी (फिल्टर) लावल्यावर निम्म्या ओळी दिसणार नाहीत.

ऑर्डर पक्की होताच तिचा क्रमांक क्विक रिप्लायमधून (व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आधीच साठवून ठेवलेल्या उत्तरातून) ग्राहकाला कळवावा आणि पैशांची आठवण करताना तोच क्रमांक लिहावा. हे एवढे जरी केले असते, तरी भावाची चूक ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधी लक्षात आली असती. लेबले मोडीत काढण्याची गरज नाही. ‘आज उत्तर द्यायचे आहे’ यासारख्या, खरोखरच संभाषणाच्या असलेल्या कामांसाठी ती उत्तम आहेत.

जुन्या सगळ्या चॅटमधून नोंदी उतरवत बसू नये. या हंगामात ज्यांचे पैसे किंवा पेट्या बाकी आहेत तेवढ्याच ऑर्डर आज भराव्यात, आणि उद्याची पहिली ऑर्डर त्यांच्याखालच्या ओळीत घ्यावी.