मुलींच्या मैदानाला ताडपत्री लावावी का?

प्रश्न : ताई, आम्ही ऐरोलीला राहतो. लेक नववीत आहे, कबड्डी खेळते, बचावात कव्हरला असते. आता मंडळाने मुलींची बॅच वेगळी केलीये, हॉलमध्ये, दार बंद, मुलांनी काय वडिलांनीसुद्धा बघायला यायचं नाही. लेक चिडलीये, म्हणते आम्हाला कोंडून का ठेवता. तिथल्या मॅडम म्हणाल्या की इराणमध्ये फाएझे हाशेमी नावाच्या बाईंनी असंच करून बायकांना खेळात आणलं. या कोण? आणि त्यांनी केलं ते बरोबर होतं का?
— एक आई, ऐरोली

उत्तर : लेक चिडली ते मला आवडलं, आधी तेच सांगते. तिला गप्प करू नका.

आता फाएझे हाशेमी. अकबर हाशेमी रफसंजानी 1989 ते 1997 इराणचे राष्ट्राध्यक्ष होते, त्यांची ही मुलगी. 1979 ला तिकडे इस्लामी क्रांती झाली आणि बायकांच्या खेळाची पार दैना झाली, डोकं झाकायची सक्ती, अंगभर कपडे, पुरुषांसमोर पोहणं वगैरे तर विषयच सोडा. 1988 ला सोल, 1992 ला बार्सिलोना, दोन्ही ऑलिम्पिकला इराणची एकही बाई गेली नाही. फाएझे तिथल्या ऑलिम्पिक समितीच्या उपाध्यक्ष होत्या आणि त्यांनी नियमाशी भांडत बसण्यापेक्षा नियमातूनच वाट काढली, म्हणजे पुरुषांनी बघायचं नाही असा नियम आहे ना, मग पुरुष आत घ्यायचेच नाहीत. 1993 ला तेहरानमध्ये मुस्लिम देशांतल्या बायकांच्या स्पर्धा भरवल्या. पंच बायका, प्रेक्षक बायका, पुरुष पत्रकार आणि फोटोग्राफर बाहेर, आणि आत गेलं की हिजाब काढून जगात सगळीकडे घालतात तेच कपडे घालून पळायचं, पोहायचं. नंतर 1997, 2001 आणि 2005 ला परत झाल्या, चारही वेळा इराणमध्येच.

हे वाचलं की मला आमचं ठाण्याचं मैदान आठवतं. त्याच सुमाराला मी कॉलेजात होते, संध्याकाळी मातीवर प्रॅक्टिस, आणि कंपाउंडच्या भिंतीवर पोरं ओळीने बसलेली. चढाईला गेलं की शेरे, पकडीत पडलं की हसणं. सलवार-कमीज घालून खेळायचो तरी ओढणी सारखी करण्यातच अर्धा जीव. एकेक मुलगी यायची बंद झाली, शेवटी पाच-सहा जणी उरलो, संघ होईना. मग सरांनी एक दिवस कुठूनतरी ताडपत्री आणली आणि रस्त्याच्या बाजूने बांधली. बास. महिन्याभरात वीसएक जणी झालो, आणि पहिल्यांदा मी कोण बघतंय याचा विचार न करता घोट्यात सूर मारला, ती पकड मला अजून आठवते. म्हणून पडद्यामागचा खेळ तो काय खेळ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. ज्यांना कधी कुणी टक लावून बघितलंच नाही त्यांना ते बोलणं सोपं असतं.

पण ताई, दुसरी बाजूही सांगायला हवी. फाएझेंच्या स्पर्धेत पोहणारी मुलगी कितीही फास्ट असली तरी तिला ऑलिम्पिकला जाता येणार नव्हतं, कारण तिथे पुरुष असणार, कॅमेरे असणार. बाहेर जाता आलं ते झाकलेल्या कपड्यांत जमणाऱ्या खेळांतून. 1996 ला अटलांटा ऑलिम्पिकला लिदा फरीमान गेल्या, क्रांतीनंतर ऑलिम्पिकला गेलेल्या इराणच्या पहिल्या महिला खेळाडू, नेमबाजीत, आणि इराणचा झेंडा त्यांच्याच हातात होता. पुढे 2016 ला रिओमध्ये किमिया अलीझादेला तायक्वांदोत ब्राँझ मिळालं, इराणी बाईचं पहिलं ऑलिम्पिक मेडल. आणि आपला खेळ तर तुम्हाला माहीतच असेल, 2018 ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये इराणच्या मुलींनी फायनलला भारताला 27-24 ने हरवलं, डोक्याला हिजाब बांधून, आणि त्यांच्या कोच होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! भारत हरला म्हणून मला खूप वाईट वाटलं आणि शैलजाताईंचा प्रचंड अभिमानही वाटला, दोन्ही एकाच वेळी. ते गोल्ड फाएझेंमुळे आलं असं नाही म्हणणार मी, ती मेहनत त्या मुलींची आणि कोचची. पण मुलगी आणि मैदान हे दोन शब्द तिथे पुन्हा एकत्र बोलले जाऊ लागले त्यात या बाईंचा वाटा मोठा आहे, आणि तेव्हाच्या परिस्थितीत त्यांनी केलं ते बरोबरच होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्याकडे परिस्थिती तशी नाही. म्हणून मंडळाला सरळ विचारा की दार बंद करायचं हे मुलींनी मागितलं होतं का. मागितलं असेल तर प्रॅक्टिस खुशाल आत होऊ दे. पण मॅचेस बाहेर, मोकळ्या मैदानात, आणि बाबांना पुढच्या रांगेत बसवा. आमची ताडपत्री सुद्धा पुढच्या वर्षी आम्हीच सोडली, जिल्ह्याच्या मॅचेस जवळ आल्या होत्या आणि आवाजात खेळायची सवय हवी होती.

प्रश्न : राष्ट्राध्यक्षाची मुलगी म्हणजे सगळं वशिल्यानेच ना? आपल्याकडे खेळाच्या संघटनांवर नेत्यांची मुलं असतात तसंच.
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : वडिलांच्या नावाने दारं उघडली, हे खरंच आहे, नाकारत नाही. पण पुढचंही बघा. 1996 ला त्या तेहरानमधून संसदेवर गेल्या, मतांमध्ये शहरात दुसऱ्या नंबरवर. बायकांनी सायकल चालवावी म्हणून उघड बोलल्या, त्यावरून कट्टर लोकांनी केवढा गदारोळ केला, तेहरानच्या चितगर पार्कात सायकल चालवणाऱ्या बायकांवर हल्ले झाले. आपल्या पाम बीच रोडला पहाटे मुली सायकली घेऊन निघतात ना, ती साधी गोष्ट तिथे राजकारणाचा विषय होती. 1998 ला त्यांनी ‘झन’ नावाचं दैनिक काढलं, झन म्हणजे बाई. एका व्यंगचित्रात बंदूकवाल्यासमोर उभा नवरा म्हणतो की बायकोला मार, ती स्वस्त पडेल, कारण तिथल्या कायद्यात बाईच्या जिवाची भरपाई पुरुषाच्या निम्मी. ते चित्र आणि क्रांतीत सत्ता गेलेल्या माजी राणी फराह पहलवींचा नवरोजचा, म्हणजे इराणी नववर्षाचा संदेश छापला म्हणून 1999 ला पेपरच बंद केला. 2000 ला निवडणूक हरल्या, वडिलांवर टीका होत होती आणि या त्यांची बाजू घेत होत्या, ते लोकांना पटलं नाही.

आणि मग तुरुंग. 2012 ला सहा महिन्यांची शिक्षा, तेहरानचं एविन जेल. तिथे बहाई पंथाच्या एक नेत्या भेटल्या, या पंथाला तिथलं सरकार मानतच नाही, 2016 ला त्यांना तात्पुरतं सोडलं तेव्हा या घरी जाऊन भेटून आल्या, तर हिने चूक केली असं खुद्द वडिलांनीच जाहीर सांगितलं. 2022 ला हिजाबवरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर निदर्शनं झाली तेव्हा परत अटक, पाच वर्षांची शिक्षा. वशिल्याच्या माणसाला गप्प बसलं की सगळं मिळतं. या गप्प बसल्या नाहीत, म्हणून मी यांना त्या रांगेत उभं करणार नाही.

प्रश्न : तिथे बायकांना फुटबॉल मॅच बघता येते का?
— कॉलेज विद्यार्थिनी, कोपरखैरणे

उत्तर : कितीतरी वर्षं येत नव्हती. पुरुषाचा वेष करून तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये घुसायला गेलेल्या एका तरुणीला पकडलं, तुरुंगवास होईल या भीतीने तिने कोर्टाबाहेर पेटवून घेतलं, 2019 च्या सप्टेंबरमध्ये ती गेली. मग फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा दबाव वाढला आणि ऑक्टोबरमध्ये कंबोडियाविरुद्धच्या मॅचला बायकांना तिकिटं मिळाली, वेगळ्या स्टँडमध्ये, जाळीपलीकडे. इराणने ती मॅच 14-0 ने जिंकली आणि बायका शेवटपर्यंत ओरडत होत्या.