मामाचं पत्र, हत्तुसाच्या फायलींसकट

प्रिय भाचीबाई,

तुझा लांबलचक मेसेज वाचला, व्हॉइस नोट पण दोनदा ऐकली. साम्राज्यं आणि इतिहासातली रहस्यं यावर व्हिडिओ करायचे म्हणतेस, छान आहे, पण पहिल्याच भागात पिरॅमिड, बर्म्युडा आणि एलियन असं सगळं एकत्र घेणार म्हणालीस तेव्हा मात्र मी चहाचा कप खाली ठेवला. रागावू नकोस. एकतीस वर्षं रेकॉर्ड रूममधे घालवलेला माणूस आहे मी, रहस्य म्हटलं की मला आधी हेच विचारावंसं वाटतं की फाईल कुठंय?

म्हणून तुला एकच साम्राज्य देतो, त्यावर महिनाभर बस. हित्ती. आपल्याकडे शाळेत यांचं नाव फार तर एका ओळीत येतं, लोखंडाच्या धड्यात. तुर्कस्तानात अंकाराच्या पूर्वेला बोगाझकले नावाचं गाव आहे, त्याच्या शेजारच्या डोंगरउतारावर यांची राजधानी होती, हत्तुसा. 1834 साली शार्ल टेक्सिए नावाचा फ्रेंच माणूस तिथं पोचला, त्याला प्रचंड तटबंदी दिसली, सिंहाचं दार दिसलं, पण हे कुणाचं शहर ते काही कळेना. म्हणजे बघ, जे राज्य एकेकाळी इजिप्तच्या तोडीस तोड होतं त्याचं नावसुद्धा तिथल्या दगडांवरून कुणाला सांगता येत नव्हतं. मग 1906 साली विंक्लर आणि मकरीदी यांनी तिथं खोदायला सुरुवात केली आणि मातीच्या पाट्याच पाट्या निघायला लागल्या, भाजलेल्या चिखलावर खिळ्यांसारखी अक्षरं, आजपर्यंत तुकडे धरून तीस हजारांच्या आसपास. त्यातली एक पाटी वाचली तर तो इजिप्तचा राजा रामसेस दुसरा याच्याशी झालेला तह निघाला, जो इजिप्तमधे कर्नाकच्या भिंतीवर आधीपासून कोरलेला माहीत होता. दुसरी प्रत सापडली आणि शहराची ओळख पटली!

या दुसऱ्या प्रतीबद्दल जरा थांबून सांगतो कारण मला तुला जे शिकवायचंय ते इथंच आहे. इ.स.पू. 1274 च्या सुमाराला आजच्या सिरियात कादेश इथं रामसेस आणि हित्ती राजा मुवातल्ली यांची लढाई झाली. रामसेसला वाटेत दोन भटके लोक भेटले, म्हणाले हित्ती सैन्य अजून लांब अलेप्पोकडे आहे, याने विश्वास ठेवला आणि फौज विस्कळीत असताना पुढं गेला, आणि हित्ती तर कादेशच्या मागंच दडून बसलेले. ते दोघं हित्तींनीच पेरलेले होते. मार खाता खाता वाचला रामसेस. घरी जाऊन मात्र त्याने ही लढाई देवळामागून देवळात कोरून घेतली, एकटा राजा रथात उभा राहून हजारोंना लोळवतोय असं चित्र. आणि कादेश? ते हित्तींकडेच राहिलं. पुढं पंधराएक वर्षांनी, 1259 च्या सुमाराला, नंतरचा हित्ती राजा हत्तुसिली तिसरा याच्याशी तह झाला, तेव्हा इजिप्तच्या प्रतीत काय लिहिलंय की हित्ती शांतता मागायला आले, आणि हत्तुसात सापडलेल्या प्रतीत बरोब्बर उलटं.

मला हे वाचून हसू आलं होतं, कारण असली तडजोडपत्रं मी ढिगानं बघितलीत. बांधावरून भांडलेले दोन सख्खे भाऊ एकदा नक्कल घ्यायला आले होते, दोघांची सही एकाच कागदावर, आणि काउंटरवर उभं राहून दोघंही मला सांगतात, साहेब तोच आला होता माझ्या दारात. या तहाची एक प्रतिकृती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत लावली आहे, तेव्हा व्हिडिओत ती जरूर दाखव, पण दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून दाखव.

आता खरं रहस्य हवंय ना, घे. याच्याही आधी, इ.स.पू. चौदाव्या शतकात, हित्ती राजाला इजिप्तच्या राणीचं पत्र आलं. मजकूर साधारण असा की माझा नवरा वारला, मला मुलगा नाही, तुम्हाला पुष्कळ मुलगे आहेत म्हणे, एक द्या, मी त्याला नवरा करते, माझ्या नोकराशी मी लग्न करणार नाही. राजा सुप्पिलुलियुमा चक्रावला, असलं काही आयुष्यात ऐकलं नव्हतं त्याने, खात्री करायला माणूस पाठवला. राणी भडकली, मी खोटं बोलतेय असं वाटतं का म्हणाली. शेवटी त्याने झन्नान्झा नावाचा पोरगा पाठवला आणि तो वाटेतच मेला, बापाने इजिप्तवर आळ घेतला. राणी कोण? तुतनखामुनची विधवा असं बरेच जण म्हणतात, काही जण नेफर्टिटी म्हणतात, कारण पाटीवर तिचं नावच नाही, नुसतं राजाची बायको अशा अर्थाचा इजिप्ती शब्द आहे. एका नावाची नोंद करायची राहून गेली आणि अभ्यासक शंभर वर्षं भांडतायत.

पण तू तिथं थांबू नकोस, सगळे तिथंच थांबतात. पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. बापाने चिडून इजिप्तच्या ताब्यातल्या मुलखावर सैन्य घातलं, कैदी धरून आणले, कैद्यांबरोबर साथ आली आणि ती वीस वर्षं हटली नाही. धाकटा मुलगा मुर्सिली गादीवर आला तेव्हा माणसं मरतच होती, देवांना नैवेद्य करणारे आचारीसुद्धा उरले नव्हते. तेव्हा या राजाने काय केलं माहितीये, जुन्या पाट्या काढायला लावल्या. त्यात दोन गोष्टी सापडल्या, एक म्हणजे माला नदीचा ठरलेला बळी बंद पडला होता, आणि दुसरी, इजिप्तशी पूर्वी शपथेवर करार झाला होता आणि आपल्याच बापाने तो मोडला. आणि हे त्याने प्रार्थनेत देवासमोर चक्क कबूल केलंय, की चूक बापाची आहे, आणि बापाची चूक मुलाच्या अंगावर येते. रामसेसच्या सगळ्या भिंती एका बाजूला आणि ही एक पाटी दुसऱ्या बाजूला. सत्तेवर असलेला माणूस स्वतःच्या दफ्तरात स्वतःच्या घराण्याची चूक शोधतोय आणि ती लिहून ठेवतोय, मी नोकरीत असलं एकदाही बघितलं नाही.

दफ्तर कसलं व्यवस्थित होतं सांगू. पाट्यांच्या याद्या होत्या. हुर्मा गावच्या वसंतोत्सवाच्या तीन पाट्या, पहिली आणि दुसरी गहाळ, अशी नोंद आहे त्यात. गहाळ! तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाला मला मिठी मारावीशी वाटते.

भाषेचं पण घे एक. ही भाषा कुणाला येत नव्हती, ह्रोझ्नी नावाच्या चेक माणसाने 1915 मधे ती उलगडली, एका वाक्यावरून. त्यात भाकरीचं चिन्ह ओळखीचं होतं, पुढे एझ्झात्तेनी आणि वाटार असे शब्द. त्याला वाटलं भाकरी असेल तर खाणं असणार, आणि वाटार म्हणजे पाणीच की. (आपलं वाठार स्टेशन नव्हे, इंग्लिशमधलं वॉटर, आणि लांबून का होईना आपलं उदक.) हत्तुसातच किक्कुली नावाच्या, मितान्नी या शेजारच्या राज्यातल्या माणसाने लिहिलेली घोडे तयार करायची पद्धत सापडली, त्यात फेऱ्यांचे आकडे आहेत, ऐका, तेरा, पान्झा, सत्ता, ना. म्हणजे एक, तीन, पाच, सात, नऊ. मितान्नींबरोबरच्या तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य यांची साक्षपण आहे. आता यावर फॅमिली ग्रुपवर जे फॉरवर्ड फिरतं, की बघा तेव्हा सगळं जग आपल्याच ताब्यात होतं, ते व्हिडिओत घेतलंस तर मामा म्हणू नकोस मला. संस्कृतच्या जवळची भाषा बोललेल्या लोकांचे थोडे शब्द आणि देवांची नावं मितान्नीत टिकून होती, एवढंच त्यातून निघतं, आणि तेवढं काय कमी आहे का?

शेवट कसा झाला ते. इ.स.पू. 1200 च्या आसपास हत्तुसा ओस पडलं. आधी म्हणायचे शत्रूने येऊन जाळलं. पण जळालेल्या इमारतींमधे किमती सामान फारसं सापडत नाही, म्हणजे माणसं आधीच आवराआवर करून निघून गेली असावीत, आग नंतरची. का गेली? रामसेसचा मुलगा मेर्नेप्ता कोरून ठेवतो की हत्ती देश (म्हणजे हित्तींचा मुलूख) जगावा म्हणून मी धान्य पाठवलं, आणि सिरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित शहरात सापडलेल्या पत्रात हित्ती दरबार धान्य न्यायला जहाज मागतोय, जीवनमरणाचा प्रश्न आहे म्हणून. मग 2023 मधे एक अभ्यास आला, तुर्कस्तानातल्याच गॉर्डियन इथल्या थडग्यातल्या ज्युनिपर झाडाच्या जुन्या ओंडक्यांची वर्तुळं तपासली (पाऊस कमी तर वर्तुळ बारीक) तर इ.स.पू. 1198 ते 1196, लागोपाठ तीन वर्षं कडक दुष्काळ. एका वर्षाचा दुष्काळ कोठारावर निघतो गं, दुसऱ्या वर्षी बियाणं खाल्लं जातं, तिसऱ्या वर्षी सैन्याला काय देणार आणि कर कुणाकडून घेणार. दुष्काळानेच सगळं झालं असं मी म्हणत नाही, त्याच काळात समुद्रावरून हल्ले पण चालले होते, घराण्यात गादीवरून फूट होती. ते लोक कुठं गेले ते मात्र अजून कुणाला सांगता आलेलं नाही. ते तसंच सांग, मागे भुताचं म्युझिक लावू नकोस.

हो आणि मोठ्या देवळात एक हिरवा चौकोनी दगड आहे, गुळगुळीत, लोक त्याला हात लावून इच्छा मागतात. थंबनेलला तोच टाकशील, माहितीये मला. टाक.

काल किक्कुलीचे आकडे तुझ्या आजीला वाचून दाखवले. ऐका, तेरा, पान्झा, सत्ता, ना. ती शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, अरे मग दोन नि चार कुठं गेले? आता ते शोधतोय.

तुझा
मामा