पेशी टोचण्याआधी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

चेता-मूलपेशींवरच, म्हणजे ज्यांच्यापासून मेंदूतल्या पेशी घडतात त्या स्टेम सेलवरच, पीएचडी करायचं ठरवलंस, फार आनंद झाला. तुझ्याकडे माझा एकच हट्ट आहे. या पेशी मेंदूत जाऊन काय घडवतील याची स्वप्नं तू बघशीलच, पण प्रयोगशाळेतल्या बशीतल्या किती पेशी अजून विभागतायत ते मोजण्यात आधी तरबेज हो.

टोचल्यावरही विभागत राहिलेल्या पेशींची गाठ होऊ शकते. हे का म्हणते ते सांगते. इस्रायलमधल्या एका मुलाला अटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया हा शरीराचा तोल बिघडवणारा आनुवंशिक आजार होता. २००१पासून मॉस्कोत त्याच्या अनुमस्तिष्कात (लहान मेंदूत) आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात गर्भातल्या चेता-मूलपेशी टोचल्या गेल्या. पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी आढळल्या. तपासणीत त्यांत स्त्रीच्या, एक्सएक्स गुणसूत्रांच्या पेशी निघाल्या. गाठ दात्यांच्या पेशींची होती! २००९चा तो शोधनिबंध सावकाश वाच. मला तो वाचताना आजही त्रास होतो.

आता जपानमधल्या क्योतोच्या संशोधकांचं काम बघ. पार्किन्सन या कंपवाताच्या आजारात मेंदूतल्या डोपामीन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात. त्यासाठी त्यांनी आयपीएस पेशींपासून, म्हणजे प्रौढ पेशींना मागे नेऊन बनवलेल्या मूलपेशींपासून, डोपामीन बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वपेशी घडवल्या आणि कोरिन हे प्रथिन असलेल्याच निवडून घेतल्या. नको त्या पेशी मागे राहू नयेत म्हणून एवढा खटाटोप. २०२५मध्ये निष्कर्ष आले: ७ रुग्ण, दोन वर्षं, गाठ एकालाही नाही. परिणाम तपासलेल्या ६ जणांपैकी ४ जणांची हालचाल, औषधाचा असर नसताना तपासली तेव्हा, सुधारलेली दिसली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून मी अजून हुरळलेली नाही. पण काम असंच व्हायला हवं.

मज्जारज्जूची इजा याहून अवघड. तिथे एकाच जातीच्या पेशी भरून भागत नाही. जखमेच्या व्रणातून चेतातंतू लांबवर वाढून योग्य ठिकाणी जोडले जावे लागतात.

आणखी एक. तू या विषयात आहेस हे कळलं की लोकांचे फोन येतील. अपघातात मज्जारज्जू दुखावून पाय लुळे पडलेल्या मुलाची आई विचारेल, अमुक ठिकाणी स्टेम सेल देतात, जमीन विकू का? फोन घाईत ठेवू नकोस. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे उपचार फक्त मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायलमध्येच) देता येतात आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत, हे त्यांना समजेल अशा मराठीत सांग. चाचणीची नोंदणी दाखवा, असं रुग्णालयाला विचारायला लाव. मग फिजिओथेरपी नियमित चालू आहे का, पडून राहून पाठीला जखमा तर होत नाहीत ना, तेही विचार.